फूल-रॅकेट ते बॅडमिंटन: गल्लीत भांडण न होता खेळण्यापुरते नियम

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे झाले की कोल्हापुरात थंडी पडायला लागते, आणि थंडी पडली की कॉलन्यांमधल्या रस्त्यांवर पांढरे पट्टे उमटतात. एकीकडे विजेचा खांब, दुसरीकडे कुणाच्या तरी दारातला गुलमोहर, मध्ये नेट आणि वर दोन हॅलोजन. जेवणं उरकून माणसं स्वेटर घालून बाहेर येतात आणि दहाव्या मिनिटाला सुरू होतं.

"नेटला लागून गेलंय, परत कर सर्व्हिस."

"परत कशाला? पॉइंट आमचा."

"आरं, तुझा पाय बघ की कुठं हुता!"

चौघांनाही निम्मे निम्मे नियम माहीत असतात, फक्त प्रत्येकाचे निम्मे वेगळे. कुणी टेबल टेनिसचा नियम आणलेला असतो, कुणी कॉलेजात असताना शिकलेला जुना. मी थंडीत रस्त्यावर आणि एरवी तासाच्या भाड्यानं हॉलमध्ये खेळतो. भांडणांचा अनुभव खेळाच्या अनुभवापेक्षा दांडगा आहे. त्यातून एवढं कळलंय की बहुतेक वाद दोनच ठिकाणी होतात: सर्व्हिस कशी करायची, आणि डबल्समध्ये आता कोण कुठं उभं राहणार. बाकीचं खेळता खेळता अंगवळणी पडतं. म्हणून या लेखात त्या दोन गोष्टी सावकाश घेतल्यात, बाकीचं भराभर.

आणि हा खेळ परका समजून बिचकू नका. याचे सुरुवातीचे नियम १८७३ च्या सुमारास पुण्याच्या लष्करी छावणीतल्या इंग्रजांनी बांधले, तेव्हा त्याला 'पूना' असंच म्हणत. पुढं इंग्लंडमधल्या ड्यूक ऑफ ब्यूफोर्टच्या वाड्याचं, बॅडमिंटन हाउसचं, नाव त्याला चिकटलं. परदेशात जाऊन विजेतेपद आणणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू नंदू नाटेकर शेजारच्या सांगलीत जन्मलेले. साल १९५६, गाव क्वालालंपूर. १९६१ ला अर्जुन पुरस्कार सुरू झाले तेव्हा पहिल्याच यादीत त्यांचं नाव होतं.

आधी कोर्ट आखा

पुस्तकात मापं मीटरमध्ये असतात: लांबी १३.४० मीटर, रुंदी डबल्सला ६.१० आणि सिंगल्सला ५.१८. रस्त्यावर आखताना फूट सोपे पडतात. लांबी ४४ फूट, रुंदी २० फूट. दोन्ही बाजूंनी दीड-दीड फूट आत रेष मारली की मधलं १७ फुटांचं कोर्ट सिंगल्सचं. नेटपासून साडेसहा फुटांवर दोन्हीकडे आडवी रेष, ती शॉर्ट सर्व्हिस लाइन. मागच्या रेषेच्या अडीच फूट आत आणखी एक आडवी रेष, ती डबल्सच्या सर्व्हिससाठी. शॉर्ट लाइनपासून मागच्या रेषेपर्यंत बरोबर मधोमध उभी रेष मारली की उजवा आणि डावा असे दोन चौक तयार होतात. नेट ते शॉर्ट लाइन या पट्ट्यात मधली रेष नसते. उत्साहाच्या भरात तिथंही मारतात, मग पुसत बसावं लागतं.

चौकोन तिरका झालाय का हे डोळ्यांना कळत नाही. टेप घेऊन कोपरा ते कोपरा कर्ण मोजा. डबल्सच्या कोर्टाचे दोन्ही कर्ण ४८ फूट ४ इंच आले पाहिजेत. आमच्या गल्लीत पहिल्या वर्षी सगळ्यांनी अंदाजानं दोरी धरली आणि एक बाजू जवळजवळ फूटभर लांब झाली. महिनाभर कुणाच्या लक्षात आलं नाही. ज्या बाजूला शटल सारखं आत पडायचं ती बाजू नशीबवान, असंच सगळे समजत होते.

रेषा आतल्या धरतात. शटलचं बूच रेषेला नुसतं चाटून गेलं तरी ते आत. फुटबॉलवर वाढलेल्या गावाला हे वेगळं समजवायची गरज पडत नाही: अख्खा बॉल रेषेपार गेल्याशिवाय गोल नाही, तसंच हे. माप घेतानाही रेषेची जाडी धरून घ्यायचं, म्हणजे बाहेरच्या कडेपर्यंत.

नेट मधोमध ५ फूट उंच, खांबांपाशी ५ फूट १ इंच. खांब-गुलमोहर पद्धतीत ते मध्ये हमखास झोळ खातं. खेळायच्या आधी रोज मध्यावर टेप लावा. बाजूला नेट आणि झाड यांच्यात फट उरते, तिथून शटल गेलं तर ते चूकच. ते नेटच्या वरूनच गेलं पाहिजे.

रॅकेट, शटल आणि बूट

इथं जास्त वेळ घालवू नका. ८० ते ९० ग्रॅमची साधी रॅकेट घ्या आणि दुकानदाराला तार फार ताणू नको म्हणून सांगा. २० ते २४ पौंड नवख्याला पुष्कळ. कडक ताणलेल्या तारेला मनगटात जोर लागतो, तो आपल्याकडे अजून नसतो.

आपण ज्याला लहानपणी फूल म्हणायचो ते खरं शटल १६ पिसांचं असतं आणि त्याचं वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम. एवढ्या हलक्या वस्तूला रंकाळ्यावरनं आलेली वाऱ्याची झुळूकही पुरते. म्हणून रस्त्यावर नायलॉनचंच शटल वापरा. बुचाभोवतीच्या पट्टीचा रंग बघून घ्या: हिरवी मंद, निळी मध्यम, लाल वेगवान. पिसाचं शटल हॉलसाठी ठेवा. हॉलमध्ये जायचं तर तळव्याचा डाग न पडणारे, खास आतल्या कोर्टाचे बूट लागतात. रस्त्यावर पळायचे बूट घालून डाव्या-उजव्या उड्या मारू नका, त्यांचा तळ उंच असतो आणि घोटा मुरगळतो. चपलेवर तर अजिबात नको, मग ती कितीही कोल्हापुरी असो.

टॉस

नाणं नसलं तरी चालतं. शटल वर उडवा. खाली पडल्यावर बूच ज्या बाजूला तोंड करेल ती बाजू टॉस जिंकली. जिंकणाऱ्यानं एकच निवडायचं: सर्व्हिस करणार का घेणार, किंवा कुठली बाजू हवी. राहिलेली निवड दुसऱ्याची. रस्त्याला उतार असेल किंवा हॅलोजन डोळ्यांवर येत असेल तर बाजू निवडणं जास्त शहाणपणाचं. काळजी नको, पहिला गेम संपला की बाजू बदलतातच. तिसरा गेम झाला तर त्यात ११ गुणांवर पुन्हा बदलायची.

सर्व्हिस: इथं थांबून वाचा

सर्व्हिस तिरकी करायची. तुमच्या उजव्या चौकातून समोरच्याच्या उजव्या चौकात, डाव्यातून डाव्यात. तुम्ही आणि घेणारा, दोघांचेही पाय आपापल्या चौकात. रेषेवर पाय नको. शटल मारलं जाईपर्यंत दोघांच्याही दोन्ही पावलांचा काही ना काही भाग जमिनीला टेकलेला हवा आणि जागेवरून सरकायचं नाही. टाच उचलली तर हरकत नाही, पाऊल घसरवलं की चूक. माझा पहिला हंगाम या एका चुकीत गेला. सर्व्हिस मारताना उजवा पाय आपोआप पुढं जायचा आणि मला ते कळायचंच नाही. शेवटी शेजारच्या आजोबांनी खुर्ची टाकून नुसतं माझ्या बुटाकडं बघायचं काम घेतलं. दर खेपेला "सरकला" म्हणायचे. आठवड्यात खोड गेली.

आता उंची. रॅकेट शटलला लागते त्या क्षणी अख्खं शटल जमिनीपासून १.१५ मीटरच्या खाली असलं पाहिजे. म्हणजे साधारण पावणेचार फूट. पूर्वी 'कमरेखाली' असा नियम होता, आणि कमर म्हणजे सगळ्यात खालची बरगडी. त्यात उंच माणसाचा फायदा व्हायचा आणि पंचाला बरगडी शोधत बसावं लागायचं. २०१८ पासून सगळ्यांना एकच माप आलं. गल्लीत अजून 'कमरेखाली मार' हेच चालतं, आणि ते वाईट नाही. पण एकदा भिंतीला टेप लावून १.१५ तुमच्या अंगावर कुठं येतं ते बघून ठेवा. शर्टाचं कुठलं बटण ते लक्षात ठेवलं की झालं.

रॅकेट आधी बुचाला लागली पाहिजे, पिसांना नाही. शटल सोडताना बोटांनी फिरकी द्यायची नाही. २०२३ मध्ये एका नव्या फिरक्या सर्व्हिसनं भल्याभल्यांची भंबेरी उडाली तेव्हा जागतिक महासंघानं तिच्यावर बंदी आणली. आणि एकदा रॅकेट पुढं निघाली की थांबवायची नाही. हूल देऊन मध्येच हात रोखला, चूक. मारायला गेलात आणि शटल हुकून खाली पडलं, तीही चूक. 'हुकलं, परत करतो' हे पहिल्या दोन-तीन दिवसांपुरतं ठीक.

आणि आता ते जुनं भांडण. सर्व्हिस नेटच्या वरच्या पट्टीला घासून पलीकडे योग्य चौकात पडली तर ती चालते. खेळ सुरूच. परत करायची नाही. टेबल टेनिस आणि लॉन टेनिसमध्ये ती परत करतात, म्हणून सगळा गोंधळ. बॅडमिंटनमध्ये घासून पडलेल्या सर्व्हिसला समोरच्याकडे बहुतेक वेळा उत्तर नसतं, आणि त्यानं चिडायचं कारणही नसतं.

सर्व्हिस कुठपर्यंत पडली तर आत? सिंगल्सला चौक लांब आणि अरुंद: मागं शेवटच्या रेषेपर्यंत, बाजूला आतल्या रेषेपर्यंत. डबल्सला चौक आखूड आणि रुंद: मागं ती अडीच फूट आतली रेष, बाजूला बाहेरची रेष. हे फक्त सर्व्हिसपुरतं. एकदा सर्व्हिस परतवली की डबल्सला सगळं कोर्ट खुलं. नवख्यांचं इथंच चुकतं. अख्खी रॅली (सर्व्हिसपासून शटल टेकेपर्यंतची मारामारी) झाल्यावर शटल मागच्या दोन रेषांमध्ये पडतं आणि 'आउट' म्हणून ओरडतात. ते आतच असतं.

घाई करून सर्व्हिस मारू नका. समोरचा तयार नसताना मारली तर ती रॅली रद्द. पण त्यानं मारायचा प्रयत्न केला तर तो तयार होता असंच धरतात. नंतर 'मी बघतच नव्हतो' चालत नाही.

गुण

गेम २१ चा, तीनपैकी दोन गेम जिंकेल तो जिंकला. जो रॅली जिंकेल त्याला गुण, सर्व्हिस कुणाचीही असो. खासबागेच्या कुस्तीच्या मैदानात पाठ टेकली की निकाल लागतो, इथं शटल टेकलं की. २०-२० झाले तर दोन गुणांची आघाडी घ्यावी लागते, आणि ताणत ताणत २९-२९ झाले तर तिसावा घेईल तो गेम घेईल. कुणाचे तरी ११ झाले की मिनिटभर थांबायला मिळतं, दोन गेमच्या मध्ये दोन मिनिटं.

पन्नाशीपुढचे खेळाडू असतील तर एक सांभाळा. ते १५ च्या गेमवर वाढलेत, जिथं फक्त सर्व्हिस करणाऱ्यालाच गुण मिळायचा आणि डबल्सला एका बाजूच्या दोघांनाही पाळीपाळीनं सर्व्हिस असायची. त्यांच्या तोंडून अजून 'सेकंड हँड' असा पुकारा येतो. २००६ पासून ती पद्धत गेली. आता रॅली हरली की सर्व्हिस सरळ समोरच्या बाजूकडं.

सर्व्हिस करणाऱ्यानं दर वेळी मोठ्यानं गुण सांगायचे, आधी आपले, मग समोरच्याचे. एवढी एक सवय लावलीत तरी खूप आरडाओरडा वाचतो.

डबल्समध्ये कोण कुठं

सिंगल्सला सोपं आहे: सर्व्हिस करणाऱ्याचे गुण सम असले (शून्यही सम) तर उजवीकडून, विषम असले तर डावीकडून.

डबल्सलाही नियम तोच, फक्त माणसं चार. उदाहरणच घेऊ. एका बाजूला दादा-वहिनी, समोर आबा-काकू. सुरुवातीला दादा उजवीकडं, वहिनी डावीकडं. आबा त्यांच्या उजवीकडं, काकू त्यांच्या डावीकडं.

०-०. दादा उजवीकडून सर्व्हिस करतो, तिरकी म्हणजे आबांकडं. दादा-वहिनी रॅली जिंकतात.

१-०. सर्व्हिस करणाऱ्या बाजूनं गुण मिळवला की फक्त त्याच बाजूचे दोघं जागा बदलतात. दादा डावीकडं येतो आणि काकूंकडं सर्व्हिस करतो. आबा-काकू होते तिथंच. ही रॅली ते जिंकतात.

१-१. आता कुणीही जागा बदलायची नाही. इथंच गल्लीत चौघंही गोल गोल फिरायला लागतात. सर्व्हिस आबा-काकूंकडं गेली. त्यांचा गुण एक, विषम, म्हणून डावीकडं जो उभा आहे तो करणार. डावीकडं काकू आहेत. समोर डावीकडं दादा आहे, काकू त्याच्याकडं सर्व्हिस करतात. दादा-वहिनी जिंकतात.

२-१. पुन्हा कुणी हललं नाही. दोन म्हणजे सम, म्हणून उजवीकडची व्यक्ती: वहिनी. सर्व्हिस आबांकडं. हीही रॅली जिंकली तर ३-१, वहिनी डावीकडं, दादा उजवीकडं, आणि सर्व्हिस वहिनीच चालू ठेवणार, यावेळी काकूंकडं.

घरी ताटाच्या चार बाजूंना चार चमचे ठेवून हे एकदा करून बघा. हसायला येईल, पण पाच मिनिटांत डोक्यात बसतं. ही जागा फक्त सर्व्हिसच्या क्षणाची. सर्व्हिस झाली की कुणीही कुठंही पळावं. आणि चुकून चुकीच्या चौकातून सर्व्हिस झालीच तर लक्षात आल्यावर जागा दुरुस्त करायच्या, मिळालेले गुण तसेच ठेवायचे. मागं जाऊन हिशोब उकरायचा नाही.

सर्व्हिस ज्याच्याकडं आली त्यानंच ती परतवायची. जोडीदारानं मध्ये घुसून मारली तर गुण समोरच्यांना. पुढच्या फटक्यापासून पाळी वगैरे काही नाही, जो पोचेल तो मारेल. फक्त एका बाजूकडून एकच फटका.

चुका: पटपट

शटल अंगाला किंवा कपड्याला लागलं की तुमची चूक, तुम्ही कोर्टाबाहेर उभे असलात तरी. २०-१९ वर पुढं असताना मी मागच्या रेषेच्या दोन पावलं मागं उभा होतो, शटल साफ बाहेर चाललं होतं आणि जमिनीला टेकायच्या आधी माझ्या बुटाला लागलं. २०-२०. पुढचं सांगत नाही. बाहेर जाणाऱ्या शटलपासून लांब पळा.

खेळ चालू असताना रॅकेट, हात किंवा कपडा नेटला लागायला नको. ओढणी कमरेला बांधा, स्वेटरच्या बाह्या वर करा. शटल तुमच्या बाजूला आल्यावरच मारायचं. मारल्यानंतर रॅकेट नेटवरून पलीकडं गेली तर चालतं. रॅकेटवर झेलून, धरून मग फेकलं तर चूक. पण फ्रेमला किंवा दांडीला लागून 'खट्ट' आवाज करत पलीकडं गेलेलं शटल अगदी कायदेशीर आहे, कितीही ओंगळ दिसलं तरी.

रॅली रद्द करून पुन्हा कधी खेळायची? शटलचं बूच पिसांपासून सुटलं तर, रॅली चालू असताना शटल नेटवर अडकून बसलं तर (सर्व्हिसला अडकलं तर मात्र ती सर्व्हिस चुकली), आणि अचानक काही आडवं आलं तर. हॉलमध्ये ते शेजारच्या कोर्टावरून आलेलं शटल असतं. आमच्याकडं ते 'गाडी!' अशी आरोळी असते. चौघंही बाजूला, नेट हातानं वर धरायचं, स्कूटरवाला मान वाकवून जातो, गुण तेच, सर्व्हिस पुन्हा.

छताला शटल लागलं तर चूक, पण अडथळ्यांबद्दल जागेपुरता नियम करायला मुभा असते. हॉलचं छत बुटकं असेल तर तिथल्या लोकांना आधीच विचारा. रस्त्यावर केबलच्या तारा आणि फांद्या असतातच. त्यांना लागलं तर काय, हे पहिल्या सर्व्हिसच्या आधी ठरवा, पंधराव्या गुणाला नाही. आमच्याकडं तार लागली तर पुन्हा, गुलमोहर लागला तर मारणाऱ्याची चूक. कारण गुलमोहर सगळ्यांना दिसतो.

पंच नसेल तर आपल्या बाजूची रेष आपण सांगायची. नक्की दिसलं नसेल तर 'आत' म्हणा किंवा पुन्हा खेळा.

डबल्समध्ये पुढं उभे असाल तर मागं वळून जोडीदाराकडं बघू नका. त्याचा फटका थेट डोळ्यावर येऊ शकतो. समोर बघत राहा, आवाजावरून सगळं कळतं. आणि खेळायच्या आधी पाच मिनिटं घोटे, खांदे, मनगटं फिरवून घ्या. थंडीत गादीतून उठून थेट स्मॅश मारणाऱ्याचा खांदा दुसऱ्या दिवशी केस विंचरू देत नाही.

खेळून झाल्यावर नेटची गाठ खांबाच्या बाजूनं सोडा, गुलमोहराच्या बाजूनं सोडत बसलात तर काट्यासारख्या फांद्यांत दोरी अडकते. आणि सोडाच. पहाटे साडेचारला दूधवाल्याची गाडी येते, त्याच्या हेडलाइटमध्ये नेट दिसत नाही.